गरमचा नळ

निफाडचा पारा पाचावर, पेपरात चौकटीत.
आमच्या शिवतेजमध्ये पाचव्या मजल्यावर वाफा,
चौथ्यावर बरं,
तिसऱ्यापासून खाली कोमट म्हणायचं म्हणून कोमट,
आणि तळाला दराडे मास्तरांच्या मोरीत
पाथर्डी फाट्यावरची पहाट जशीच्या तशी.

ग्रुपवर नऊ दिवस तेच.
सोलरवाला आला, ट्यूबा पुसल्या, सातशे रुपये घेतले.
क्षार असेल म्हणाला. मग म्हणाला ऊन कमी आहे.
पाचव्याला काय वेगळा सूर्य उगवतो?

मी एकलहऱ्याला एकतीस वर्षं बॉयलरवर.
आमचे फोरमन आव्हाड सांगायचे,
मीटरला नंतर विचार, आधी पाइपाला.
तर हाताच्या पाठीने
(तळवे निबर झालेत, त्यांना आता काही कळत नाही)
डक्टमधला पाइप चाचपत उतरलो.
गच्चीवर चटका. पाचव्यावर चटका.
चौथ्यावर तापलेल्या पोराच्या कपाळाइतका.
तिसऱ्याच्या वळणावर
हात थांबला.
वीतभर अंतरात ऋतू बदललेला.

सोपान बेंडकुळेला वर पिटाळलं,
गरमचा मेन कॉक आवळ.
‘आवळला!’ गच्चीवरून हाक.
मी मास्तरांच्या मोरीत गरमचा नळ सोडला.
पाइपात उरलेलं येईल, मग थांबेल,
म्हणून मोजत बसलो. साठ. नव्वद. दीडशे.
थांबेना.
मास्तरांनी कानटोपी वर सरकवली:
वरून बंद आहे ना?
बंद आहे.
मग हे कुठलं पाणी?

गारचं, मास्तर.
कुणाच्या तरी बाथरूमातून उलटं शिरलेलं,
गरमच्या पाइपात बिऱ्हाड करून बसलेलं.

मग एकेका फ्लॅटचा गारचा कॉक.
तीनशे एक. दोन. तीन. नळ चालूच.
तीनशे चार आवळला
आणि खालून मास्तर ओरडले, गेलं!

तीनशे चार म्हणजे कातकाडे अण्णा.
दाराला कुलूप. पेपरवाल्याने तीन अंक टाकले होते,
मग तोही थांबला होता.
चावी निघाली इस्त्रीवाल्या मुनाफकडे.
आमच्यातल्या कुणाकडे नव्हती.

आत मिक्सरचे दोन्ही कान पूर्ण सोडलेले,
हँडशॉवर फरशीवर, त्याचं बटण मात्र मिटलेलं,
म्हणजे बाहेर थेंब नाही,
आतल्या आत गार गरमात जातंय, रात्रंदिवस.
बादली अर्धी. साबणाला तडे.
दांडीवर घडी न मोडलेला टॉवेल.

मुनाफ म्हणाला, रिक्षा मीच आणली होती.
पहाटे पाच. छातीवर हात धरून उतरले.
कुणाला उठवू नको म्हणाले, थंडी आहे.

नऊ दिवस आम्ही सगळे
त्यांच्या अर्धवट आंघोळीचं पाणी अंगावर घेत होतो
आणि शिव्या सोलरला.

सोपानने दोन्ही कान फिरवले. बादली मीच ओतली.
दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या मोरीत आरसा धुरकटला,
ग्रुपवर अंगठेच अंगठे.

संध्याकाळी सिव्हिलला गेलो.
अण्णा दुसऱ्या वॉर्डात, खिडकीजवळ, नाकात नळी.
कुणाचं काय चाललंय ते विचारलं,
मग आठवल्यासारखं, गॅस बंद होता ना रे माझा?
होता.
आणि नळ?
तोही, म्हटलं.

पुतण्या चहा आणायला गेला होता.
बाकी ठीक आहे, अण्णा म्हणाले,
फक्त पाय गार पडतात.
मी चादरीखाली हात घातला, पाठीकडून.
गुडघा ठीक. पोटरी ठीक.
घोट्यापाशी हात थांबला.

त्र्यंबक नाक्यावर एक जण
सायकलला लोकर टांगून उभा होता.
मोज्यांचा जोड साठ सांगितला, पन्नासला दिला.
पुन्हा वर गेलो.